एक नाव, एक नंबर, तीन चेहरे

१

चिमणीने लॅपटॉप मावशीच्या पुढ्यात इतक्या जोरात सरकवला की चहाचा कप टेबलावरून खाली जाता जाता राहिला.

"मावशी, हे बघ. नाव एक, नोंदणी नंबर एक, आणि चेहरे तीन!"

मावशीने डोळे बारीक केले. पडद्यावर तीन पानं शेजारी शेजारी उघडी होती. तिन्हींवर एकाच बाईचं नाव, त्याखाली 'मानसिक आघातासाठी डोळ्यांच्या हालचालींची उपचारपद्धत, ऑनलाइन', आणि त्याखाली तोच एक नंबर. फोटो मात्र तीन निराळ्या बायांचे. पहिली जाड काळ्या चष्म्याची. दुसरीच्या मागे कुंड्याच कुंड्या. तिसरीच्या मांडीवर एक लठ्ठ मांजर होतं आणि ते कॅमेऱ्याकडे असं बघत होतं, जणू दवाखाना त्याचाच आहे.

"यातली एकच खरी असणार," चिमणी म्हणाली. "कोणती?"

आता हा प्रश्न तिने मावशीलाच का विचारावा? तर मावशी म्हणजे साधीसुधी मावशी नव्हे. निवृत्त होईपर्यंत ती ड्रायव्हिंगच्या परीक्षा घ्यायची. उमेदवाराच्या शेजारी बसायचं आणि त्याचे डोळे बघायचे, हे तिचं काम. रस्त्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. रस्ता मला पाठ आहे, माणूस पाठ नाही, असं तिचं म्हणणं. तिने इतक्या जणांना हात हलवत घरी पाठवलं होतं की गावात तिचं नाव 'नापासमावशी' पडलं, आणि ते तिला मनातून आवडायचंही.

चिमणी तिच्या बहिणीची मुलगी. नाव तान्हेपणी पडलेलं. आता दारातून आत येताना चिमणीला मान वाकवावी लागते. ती शहरातली मोठी बस चालवायची आणि त्या बसवर तिचा जीव होता. मग एका सकाळी सिग्नल तोडून आलेली लॉरी बसवर आदळली आणि पुढची अख्खी काच चिमणीच्या मांडीवर आली. प्रवाशांना खरचटण्यावर निभावलं. चूकही लॉरीवाल्याचीच ठरली. पण तेव्हापासून चिमणीने स्टिअरिंग धरलं की बोटं लाकडासारखी व्हायची आणि कानात ती काच पुन्हा फुटायची.

डेपोच्या डॉक्टरांनी ही उपचारपद्धत सुचवली होती आणि वर बजावलंही होतं. बाई यात शिकलेलीच हवी. अर्धवट माणसाच्या हाती पडलीस तर जखम उघडी होईल आणि बांधायला कोणी नसेल. जवळपास तर असं कोणी नव्हतं, म्हणून ऑनलाइन शोध. त्यातून डेपोच्या साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलेली. बस चालव, नाहीतर कायमची तिकीटखिडकी.

"मावशी, ते सगळं मी एकदाच कोणापुढे तरी काढू शकेन," चिमणी हळूच म्हणाली. "ती बाई खोटी निघाली, तर पुन्हा तोंड उघडणार नाही. मग खिडकी तर खिडकी."

काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, थेरपिस्टांच्या संघटनेला फोन लावला. बराच वेळ त्यांना बासरी ऐकवण्यात आली. मग उत्तर मिळालं. नाव खरं, नंबर खरा. फोटो आणि पत्ता आम्ही कोणाला देत नाही. तक्रार लेखी पाठवा, महिनाभरात कळवू.

"बासरी छान होती," काका म्हणाले.

"महिनाभरात मी खिडकीत असेन," चिमणी म्हणाली.

मावशीने बाह्या सरसावल्या. "या तिघी पहिली छोटी भेट देतात ना? मग मी बसते शेजारी. घेते एकेकीची परीक्षा."

"अगं, तुला या उपचारातलं काय कळतं?"

"काही नाही. पण डोळ्यांतलं कळतं."

आणि इथेच मावशीने तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करायला घेतली.

२

तिन्ही भेटी एकाच सकाळी ठरल्या. चष्मेवाली ठरल्या वेळेला, ठरल्या मिनिटाला हजर. केस चापूनचोपून, आवाज मधाळ, मागे भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र. मावशी चिमणीच्या शेजारी ताठ बसली.

"तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आला आहात," चष्मेवाली म्हणाली. "ही पद्धत संपूर्ण सुरक्षित आहे आणि तीन भेटींत फरक दिसतोच दिसतो. वेळ कशाला घालवायचा? आत्ताच सुरू करू."

"आत्ता?" चिमणीने विचारलं.

"आत्ताच. तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात वाईट क्षण धरा. आणि आता हा ठिपका बघा."

पडद्यावर एक निळा ठिपका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावू लागला. चिमणीचे डोळे त्याच्यामागे धावले. मावशी मात्र आपल्या सवयीने समोरच्या बाईचे डोळे बघत होती. आणि काय नजर होती! एका जागी म्हणून ठरत नव्हती. डावीकडून उजवीकडे, मग टुणकन परत डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मावशी मनातून खूश झाली. नजर खिळलेला ड्रायव्हर धोक्याचा, नजर फिरती हवी, हे तिने जन्मभर लोकांना सांगितलं होतं. आरसा, रस्ता, आरसा. तिने मनातल्या मनात भराभर मार्क दिले.

वेळ संपली. चिमणीचे गाल ओले झाले होते.

"छान! पुढची भेट नक्की करा हं," चष्मेवाली म्हणाली आणि पडदा बंद झाला.

"कसं वाटतंय?" मावशीने विचारलं.

"काहीतरी झालं खरं," चिमणी म्हणाली. ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

"बघ! इंजिनाने पकडलं!"



३

कुंड्यावाली इतकी गोड होती की काकासुद्धा दारातून डोकावून गेले. तिने चिमणीला ताई म्हटलं, मावशीला आई म्हटलं आणि पानांवरचं पाणी पुसत पुसत सांगितलं, "काही काळजी करू नका. ही पद्धत संपूर्ण सुरक्षित आहे आणि तीन भेटींत फरक दिसतोच दिसतो." ठिपका वगैरे पुढच्या वेळी. आज फक्त ओळख. मावशीने तिला काठावर पास केलं.

मांजरवालीने मात्र सुरुवातीपासूनच घोळ घातला. एक तर ती उशिरा आली. आली तेव्हा पडद्यावर फक्त शेपूट दिसत होतं. मग ते बाजूला झालं आणि मागून विस्कटलेल्या केसांची एक बाई प्रकटली.

"माफ करा हं. आधी एक सांगा, तुम्ही आत्ता कुठे बसलाय? पूर्ण पत्ता द्या. घरात आणखी कोण आहे? घरच्या फोनचा नंबर काय? तो चालू आहे ना? जवळचं हॉस्पिटल कोणतं?"

"आम्ही काय पोलीस ठाण्यात आलोय?" मावशी पुटपुटली.

प्रश्न संपेनात. झोप लागते का, जेवण जातं का, कधी फिट आली होती का, डोळ्यांचा काही त्रास आहे का. आणि हे सगळं विचारताना तिची नजर चिमणीवर खिळलेली. हलायचं नाव नाही. मावशीने मार्क कापले.

मग पडदा काळा झाला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन खणखणला आणि काका कुरकुरत उठले. पडदा परत आला. थोड्या वेळाने पुन्हा काळा झाला. पुन्हा फोन, पुन्हा काका.

"डोळ्यांचं ते कधी करायचं?" मावशीने शेवटी विचारलंच.

"आज नाही. उद्याही नाही. पहिल्या काही भेटी नुसती तयारी."

"पण बरी होईल ना?"

"बऱ्याच जणांना चांगला उपयोग होतो. यांना होईलच, असं मी आत्ता सांगू शकत नाही." मग ती चिमणीकडे वळली. "मावशी शेजारी हव्यात, की थोडा वेळ आपण दोघीच बोलूया? तुम्ही म्हणाल तसं."

चिमणी चाचरत म्हणाली, "मावशी, तू जरा बाहेर बसतेस?"

मावशीला, जिला गाडीतून उतर म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती, तिला खोलीबाहेर जावं लागलं. बाहेर येऊन बसते न बसते तोच फोन पुन्हा वाजला.

"तिसऱ्यांदा!" काका करवादले. "माणसाला धड बसू देत नाहीत."

चिमणी बाहेर आली तेव्हा म्हणाली, पडदा मधे आणखी एकदा काळा झाला होता.

"तीनदा गाडी बंद पडली की नापास," मावशीने जाहीर केलं. "वाद नको. चष्मेवाली खरी. उद्याची वेळ घेऊन टाक चिमणे."

४

त्याच दिवशी दुपारी तिघं काकांच्या गाडीतून बाजारात निघाले. चिमणी मागे बसली होती. अपघातानंतर पुढे बसायचं तिने सोडलंच होतं, पण मागच्या सीटवर खिडकीशी डोकं टेकून ती निवांत बसायची.

चौकात एक माणूस रिकाम्या बाटल्यांचा खोका ट्रकमध्ये ओतत होता. खळ्ळकन आवाज झाला.

गाडी पुरती थांबायच्या आत चिमणीने दार उघडलं होतं. ती फुटपाथवर जाऊन मटकन बसली. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. मावशी धावत तिच्यापाशी गेली, पण काय करावं हे तिला सुचेना. ती नुसती "अगं चिमणे, अगं चिमणे" करत राहिली.

चिमणीने हातांची घडी छातीवर अशी घातली की दोन्ही तळवे खांद्यांवर आले. मग एकेका खांद्यावर आळीपाळीने थोपटत ती पुटपुटायला लागली. "पाय जमिनीवर. समोर हिरवं दार. दाराशी झाडू. निळी सायकल. मावशीची चप्पल." हळूहळू श्वास जागेवर आला.

"सकाळपासून असं होतंय," ती म्हणाली. "तो ठिपका थांबला मावशी, पण माझ्या डोक्यातलं थांबत नाहीये. उद्या मी नाही बसणार. कोणापुढेच नाही."

 घरी येऊन मावशीने चष्मेवालीचा नंबर फिरवला. तिथे नुसता ध्वनिमुद्रित आवाज होता. पुढच्या भेटीसाठी एक दाबा.

काका खुर्चीत टेकत म्हणाले, "हिला कशाला फोन करतेस? त्या मांजरवालीला कर. ती तरी उचलेल. सकाळी तिकडे पडदा बंद पडला रे पडला की इकडे तिचा फोन! भाची बरी आहे ना, खोलीत जाऊन बघता का, म्हणे. तीनदा उठवलं मला."

मावशी नंबर फिरवता फिरवता थांबली.

"तीनही वेळा?"

"नाहीतर काय!"

"चिमणे, ते खांद्यांवर थोपटायचं तुला कोणी शिकवलं?"

"मांजरवालीनं. तू बाहेर गेलीस ना, तेव्हा. म्हणाली, आत उतरायच्या आधी बाहेर यायची वाट पाठ पाहिजे."

मावशीने फोन खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला होता की काका घाबरून उभेच राहिले.

"अहो, मी उलटी परीक्षा घेतली," ती म्हणाली. "पूर्णच्या पूर्ण उलटी! चिमणे, तुझी इच्छा असेल तरच, पण मला या तिघी एकाच वेळी, एकाच पडद्यावर हव्यात."

चिमणीने डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत राग दिसला, आणि मावशीला तो बघून फार बरं वाटलं.

"बोलव," चिमणी म्हणाली. "मलाही बघायचंय."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर तीन चौकटी उमटल्या. चष्मा, कुंड्या, मांजर. प्रत्येकीला वाटलं होतं की बोलावणं फक्त आपल्यालाच आहे. आणि प्रत्येक चौकटीखाली ठळक अक्षरांत तेच एक नाव. काकांना हसू आवरेना. त्यांना खोलीबाहेर पाठवण्यात आलं, पण ते दारातच उभे राहिले.

"हे काय आहे?" चष्मेवालीने विचारलं.

"परीक्षा," मावशी म्हणाली. "एकच प्रश्न. माझी भाची इथे, तुम्ही तिकडे लांब. मधेच हिचा श्वास अडकला आणि पडदा काळा झाला. पुढे काय कराल?"

चष्मेवालीचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले. परत आले. खाली उतरले. मग पुन्हा पार वर गेले. तोंड उघडलं ते तिने आणि कुंड्यावालीने एकदमच.

"ही पद्धत संपूर्ण सुरक्षित आहे आणि तीन भेटींत फरक दिसतोच दिसतो."

दोन तोंडं, एक वाक्य, शब्दाला शब्द. दारात काका ठसका लागेपर्यंत हसले.

मांजरवालीने मांजर खाली ठेवलं. "घरच्या फोनवर करेन. यांचे काका उचलतात. त्यांनी नाही उचलला, तर पत्ता माझ्यापाशी आहे आणि हॉस्पिटलचा नंबरही. पण मुळात इतक्या लवकर मी यांना तिथवर नेणारच नाही." ती पडद्याच्या जवळ आली. "आता मी एक विचारू? या दोघींच्या चौकटींखाली माझं नाव का आहे?"

"तेच सांगते," मावशी म्हणाली आणि खुर्चीत सावरून बसली. या क्षणासाठी ती कालपासून तयार होती. "चष्मेवाल्या बाई, काल तुमच्या फिरत्या नजरेवर मी भाळले. मला वाटलं, आरसे बघतायत. तुम्ही वाचत होतात! एकेक ओळ, शाळेतल्या धड्यासारखी. ड्रायव्हरने रस्ता बघायचा असतो, आणि तुमचा रस्ता म्हणजे हिचा चेहरा होता. ही रडत होती तेव्हा तुम्ही पुढची ओळ शोधत होतात. ज्या बाईची नजर हिच्यावरून ढळली नाही, तिचे मी मार्क कापले. का, तर जन्मभराची सवय."

चष्मेवाली काही बोलायला गेली, पण मावशीला थांबवणं इतकं सोपं नव्हतं.

"आणि दुसरं. सीट नीट नाही, पट्टा नाही, ब्रेक तपासला नाही आणि चावी फिरवून गाडी सुसाट. असा माणूस मी गल्लीच्या तोंडाशीच उतरवला असता. तेच तुम्ही माझ्या पोरीबरोबर केलंत, आणि मी टाळ्या वाजवल्या. या बाई मात्र पत्ता, फोन, झोप, डोळे, एकेक स्क्रू तपासत बसल्या. मी त्याला घोळ म्हटलं. गाडी तर कोणाचीही बंद पडते हो. बंद पडल्यावर कोण काय करतं, ते मी बघायलाच विसरले."

एवढ्यात चष्मेवालीची चौकट गप्पकन काळी झाली. सगळे त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले. घरातला फोन काही वाजला नाही.

कुंड्यावालीला रडू फुटलं. "आई, मला खरंच माहीत नव्हतं! मी लोकांशी गोड बोलायच्या कामाला लागले. कंपनीने वाक्यं दिली, नाव दिलं, नंबर दिला. मला वाटलं, नाव-नंबर कंपनीचाच असतो. गणवेशासारखा. कामावर आलं की घालायचा!"

"खऱ्या माणसांची नावं संघटनेच्या यादीतून उचलून वाटतायत," मांजरवाली सावकाश म्हणाली. मग तिचे डोळे विस्फारले. "म्हणजे ते फोन! अहो, कित्येक दिवस मला अनोळखी माणसं फोन करून झापतायत. माझ्या कुंड्यांचं कौतुकही केलं एकीनं. माझ्याकडे एक कुंडी नाही. हा बोका सगळी झाडं खातो!"

खालून मांजराने दुजोरा दिला. चिमणी खळखळून हसली, आणि हसता हसताच तिने विचारलं, "मग आपण कधी सुरू करायचं?"

"आधी माझ्याही शब्दावर जाऊ नका," मांजरवाली म्हणाली. "मला ज्यांनी शिकवलं त्या बाई संघटनेतच बसतात. आज दुपारी त्यांच्याशी तुमच्यासमोर बोलू. त्यांनी हो म्हटलं की मग."

६

दुपारी त्या बाईंनी हो म्हटलं. मांजरवालीची ओळख त्यांनी स्वतः पटवली आणि बनावट पानांची तक्रार तिथल्या तिथे नोंदवून घेतली. थोड्याच दिवसांत ती पानं गायब झाली. कुंड्यावालीने कंपनी सोडली. हल्ली ती रोपवाटिकेत काम करते आणि झाडांशी मनापासून गोड बोलते.

महिनाअखेर चिमणी आपणहून साहेबांपुढे उभी राहिली. उपचार सुरू झालेत, मी घाई करणार नाही, वाट बघणार असाल तर बघा, असं तिने सांगितलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि मुदत वाढवली.

मग आठवड्यामागून आठवडे चिमणी त्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आत काय बोलणं होतं ते मावशीला कधी कळलं नाही. सुरुवातीला तिचा जीव नुसता वरखाली व्हायचा. एकदा ती केर काढायच्या निमित्ताने दाराशी रेंगाळली, तर काकांनी पेपरातून मान वर न करता "अगं, तिथला केर चौथ्यांदा निघतोय" म्हटलं. काही दिवशी चिमणी हसत बाहेर यायची, काही दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी. मावशी तिला चहा करून द्यायची आणि काही विचारायची नाही. हे न विचारणं शिकायला तिला फार कष्ट पडले.

आणि एका सकाळी चिमणी पुन्हा बसवर रुजू झाली. मावशीने कोणाला न सांगता स्टॉपवरून बस पकडली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. चिमणीने तिला बघितलंच नाही. बस सुटली. पहिला चौक गेला, पूल गेला. मावशीने पर्स पोटाशी गच्च धरली होती.

बाजारपेठेच्या वळणावर डाव्या गल्लीतून एक लॉरी घुसली. ब्रेक करकचले, उभे असलेले सगळे पुढे झुकले, कोणाच्या तरी पिशवीतले कांदे बसभर पळाले. मावशीच्या तोंडचं पाणीच पळालं. समोर तिला फक्त चिमणीची पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलत नव्हती.

मग चिमणीने खिडकीची काच सरकवली.

"ओ भाऊ! रस्ता काय आंदण मिळालाय का? मागे घ्या ती!"

लॉरीवाला निमूटपणे मागे झाला. बसमध्ये हशा पिकला. चिमणीने गिअर टाकला आणि बस पुढे निघाली, जरासुद्धा हिसका न बसता.

मावशी ढसाढसा रडायला लागली. शेजारचे गृहस्थ कांदे गोळा करायचं सोडून घाबरून तिच्याकडे वळले. "काय झालं आजी? कुठं लागलं का?"

"नाही हो," मावशी म्हणाली. "माझी भाची चालवतेय."